कालव्याच्या अंगाची भिंत

अंथुर्ण्याच्या मानसिंग मारकडाला झोपायला उशी चालत नसे, पोतं लागे. ज्वारीनं गच्च भरलेलं पोतं भिंतीशी उभं करायचं, त्यावर वाकळ टाकायची आणि पाठ टेकून बसल्या बसल्याच डोळे मिटायचे. आडवा झाला की खोकला उठायचा, आणि तो एकदा उठला की शेजारच्या घरातसुद्धा कुणाला झोप नसायची. त्याची बायको भागूबाई त्या पोत्यातली ज्वारी दळणाला कधी काढत नसे. आल्यागेल्यानं विचारलं, की बसायच्या खोलीत पोतं कशाला, तर ती म्हणायची, "हितं उंदीर लागत न्हाईत."

नवऱ्याच्या छातीचा बभ्रा तिला नको होता. पोरगी सुकन्या लग्नाला आलेली; बापाला धाप लागते असं कानावर गेलं की स्थळं मागं सरतात.

तसा मानसिंग काही जन्माचा रोगी नव्हता. त्याच्या आज्यानं सुप्याच्या माळापासून भीमेच्या काठापर्यंत मेंढरं फिरवली, बापानं निम्मी विकली आणि मेंढरांना तोंड घालायला उसानं बांधसुद्धा ठेवला नाही तेव्हा मानसिंगनं उरलेली विकून टाकली. मग तो चाँदभाईंकडं कामाला लागला. चाँदभाईंचं यार्ड बारामतीच्या बाहेर, इंदापूर रस्त्याला. विहिरी, पाण्याच्या टाक्या, कालव्याच्या फुटक्या बाजू यांना सिमेंटचा फवारा मारून अस्तर करून द्यायचं, हा त्यांचा धंदा. इंजिनियर लोक त्याला गनायटिंग म्हणत, शेतकरी म्हणत फवाऱ्याचं काम.

मशीन होतं ते कोरडं. सिमेंट आणि वाळू कोरडीच मिसळून त्यात टाकायची, कॉम्प्रेसरच्या हवेनं ती पाइपातून धावत खाली विहिरीत यायची आणि पाइपाच्या तोंडाशी, नोझलात, तिला पाणी भेटायचं. किती पाणी सोडायचं ते नोझल धरणाऱ्यानं कॉक फिरवून ठरवायचं. कमी पडलं तर माल धूळ होऊन उडतो, जास्त झालं तर भिंतीवरून ओघळतो. मानसिंगच्या हाताला ते साधलेलं होतं आणि त्याचा त्याला गर्वही होता, खोटं कशाला सांगा. टांगलेल्या फळीवर उभा राहून तो काम करायचा. कमरेला एक दोरी, तिचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. दोरीला हिसका दिला की मशीन थांबायचं. दिवसातून वाटेल तितक्या वेळा थांबवा, ते मशीन कधी कुरकुरलं नाही.

आणि थांबावं लागायचंच. विहिरीच्या अस्तरात झऱ्याचं तोंड बुजवून चालत नाही. मागं पाणी तुंबतं आणि तुंबलेलं पाणी भिंतीला पुढं लोटतं. त्यासाठी मोठ्या कामांवर प्लास्टिकच्या नळ्या घालतात. आमच्या भागात उसाची कांडी घालतात. ज्याची विहीर त्याच्याच रानातला ऊस. घरच्या बाईनं कांड्या तोडून द्यायच्या, नोझलवाल्यानं त्या झऱ्याझऱ्यात ठोकायच्या आणि प्रत्येक कांडीपाशी थांबत, तिचं टोक बाहेर ठेवून, भोवतीनं अस्तर मारायचं. अस्तर घट्ट झालं की मालकानं कांड्या उपटायच्या. पहिल्या धारेचं पाणी घरच्या बाईनं तांब्यात धरून पाण्यातल्या देवींना, आसरांना वाहायचं. याला झरा सोडवणं म्हणतात, आणि त्या दिवशी विहिरीवर पुरणपोळी असते.

या सगळ्यात मानसिंगच्या वाट्याला पोळी यायची तशी धूळही यायची. विहिरीत वारा नाही. उडालेलं सिमेंट जाणार कुठं? तोंडाला उपरणं बांधून त्यानं वर्षानुवर्षं ते गिळलं. घरी यायचा तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या. भागूबाई त्याचे कपडे उकिरड्याकडं नेऊन झटकायची आणि त्याचं धुण्याचं पाणी झाडाला घालत नसे. शेवटी बारामतीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, उजेडाला धरला आणि विचारलं, दगडाच्या खाणीत असता का? नाही म्हटल्यावर म्हणाला, "कुठंही असा, ही धूळ सोडा. गेलेली बाहेर येणार नाही. आणखी गेली तर मात्र माझ्याकडं येऊन उपयोग नाही."

मानसिंगला दुसरं काम येत नव्हतं. मेंढरं विकून झाली होती.

कोकणातले रेल्वेचे बोगदे उरकत आले त्या सुमारास तिकडच्या एका कंत्राटदाराचं मशीन चाँदभाईंच्या यार्डात येऊन उभं राहिलं. हे ओलं मशीन. चाँदभाईंनी मानसिंगला बोलावून घेतलं. चाँदभाई म्हणजे सावकाश माणूस. चहाची बशीसुद्धा दोन्ही बाजूंनी बघून तोंडाला लावायचे.

"ह्यात माल आधीच पाणी घालून कालवायचा," ते म्हणाले. "पंपानं ढकलायचा, हवा फकस्त तोंडाशी. धूळ न्हाई म्हटलं तरी चालंल. वाया जाणारा माल निम्म्यानं कमी."

"मग घ्या की."

"घेतो म्हणायला जीभ वळत न्हाई. एकदा कालवलं की ह्ये थांबत न्हाई, मानसिंग. मधीच थांबलं तर पाइपात माल बसतो, अन् बसला की पाइप कापून फेकायचा. जुनं कसं, दम खातं. ह्ये दम खाऊ देत न्हाई."

त्यांनी यार्डाच्या मागच्या भिंतीवर दोन्ही चालवून पाहिली. आधी जुनं. नेहमीचा पांढरा ढग उठला आणि मानसिंग पाइप टाकून लिंबाच्या बुंध्याला धरून खोकत बसला. मग नवं. जड, दाट माल भिंतीला चिकटत गेला आणि पलीकडच्या रस्त्यावरची एसटी मानसिंगला स्पष्ट दिसत राहिली. काम चालू असताना पलीकडचं काही दिसतं, हे त्याला नवीन होतं. त्यानं एक खोल श्वास घेऊन पाहिला. तो घेता आला.

"नळी तुझ्या हातात असती," चाँदभाई म्हणाले. "कुठलं ठेवायचं ते तू सांग."

"वलं ठेवा."

"पयली विहीर होऊ दे. नीट झाली तर ठेवू. बिघडली तर परत, तशी बोली झालीया. जुनं तवर विकत न्हाई मी." आणि त्यांनी जुन्या मशिनावर ताडपत्री टाकायला सांगितली.

पहिली विहीर निघाली ती अंथुर्ण्यातच, दत्तोबा आबांची. आबा म्हातारे, सगळा कारभार त्यांच्या मुलाकडं, भिमाकडं. भिमा मानसिंगपेक्षा बराच लहान. लहानपणी त्याच्या मेंढरांमागं हिंडलेला, त्यामुळं दादा म्हणायचा. विहिरीची एक बाजू कालव्यातून निघालेल्या चारीला लागून होती. मुरूम ढिला, दरवर्षी ढासळायचा. उन्हाळ्यात पाट बंद असल्यामुळं ती बाजू खडखडीत कोरडी होती, पण मानसिंगला झऱ्यांची तोंडं ओळखू आली. भिमाच्या बायकोनं, नकोशीनं, कांड्या तोडून दिल्या आणि त्यानं त्या चारी अंगांना ठोकल्या.

तीन बाजूंना थर पातळ होता, कांड्यांची टोकं आपोआप बाहेर राहिली; त्या झकास झाल्या. चौथीला, कालव्याच्या अंगाला, माल जाड द्यायचा होता. वर पंपावर चाँदभाईंचा धाकटा भाऊ मुबीन होता. पहिल्या कांडीपाशी आल्यावर मानसिंगनं सवयीनं दोरीला हिसका दिला. पंप थांबला नाही. त्यानं पुन्हा हिसका दिला. वरून मुबीन ओरडला, "सगळा माल कालवून झालाय. थांबलो तर पाइप गेला. चालू दे."

मानसिंगनं चालू दिलं. दाट माल कांडीच्या टोकावर बसला, ती दिसेनाशी झाली. मग दुसरी. माल ओला होता तोवर थापीनं खरवडून टोकं मोकळी करता आली असती, आणि हे त्याला त्या क्षणीही ठाऊक होतं. पण कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यानं सबंध भिंत न खोकता मारली होती. त्याला त्याची नशाच चढली. उद्या उकरू म्हणाला. उद्या उजाडला तेव्हा ती भिंत दगड झाली होती.

झरा सोडवायच्या दिवशी चाँदभाई आले, गावातली चार माणसं आली. आबांनी कांड्या उपटल्या, नकोशीनं तांब्या धरला. तीन बाजू झाल्यावर ती कालव्याच्या अंगाकडं बघत राहिली.

"दादा, ह्या अंगाच्या कांड्या?"

सगळ्यांनी मानसिंगकडं पाहिलं. चाँदभाईंनीही. भिंत गुळगुळीत होती, बघणाऱ्याचं मन प्रसन्न व्हावं अशी.

"त्या अंगाला झरं न्हाईत, बाई. कांड्या उरल्या त्या आमी खाल्ल्या."

माणसं हसली. चाँदभाई हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी बोगद्यावाल्या कंत्राटदाराला निरोप धाडला, मशीन ठेवून घेतो.

जेवताना मानसिंगनं भागूबाईला खरं सांगितलं. तिच्यापासून त्यानं कधी काही लपवलं नव्हतं. ती भाकरी थापायची थांबली.

"सांगितलं तर मशीन परत जाईल?"

"जाईल."

"मंग तुमी परत त्या धुळीत."

त्यानं मोडलेला तुकडा ताटातच ठेवला.

"मंग गप ऱ्हावा," भागूबाई म्हणाली. "पाट बंदच हाय अजून. सुटायच्या आदी एक दिस जावा अन् कोरून या. कुनाला कळायचं कारन न्हाई." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

बाईचं म्हणणं वावगं नव्हतं. छिन्नी-हातोड्याचं सकाळभराचं काम. ते केलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ कुणावर आली नसती.

त्यानंतरचे दिवस त्या घरात सुखाचे गेले, हेही सांगितलं पाहिजे. मानसिंगचे कपडे चिखलानं माखून येत, पण पांढरे येत नसत. खोकला हळूहळू उतरला. एक दिवस त्यानं जमिनीवर वाकळ अंथरली, पोत्याकडं बघून हसला आणि चक्क आडवा झाला. पुढच्या आठवड्यात भागूबाईनं पोतं ओढत नेऊन कणगीशेजारी ठेवलं. सुकन्येला बघायला निमगावचे पाहुणे आले तेव्हा मानसिंग त्यांच्याशी घटकाभर बोलला, एकदाही न थांबता. पाहुण्यांनी पसंती कळवली.

पण भिंत त्याच्या मनातून जात नव्हती. ओल्या मशिनाची कामं सुप्यापासून पळसदेवपर्यंत लागली, आणि ते मशीन थांबत नसे तसा मानसिंगलाही कुणी थांबू देत नव्हतं. निदान तो स्वतःला तसं सांगायचा. एकदा मात्र तो हातोडी घेऊन आबांच्या विहिरीवर गेला. पायऱ्या उतरून त्यानं तीन बाजूंवर हातोडी मारली, खणखणीत वाजल्या. कालव्याच्या अंगाला मारली. बद्द. थोडं बाजूला मारली. तिथंही बद्द. अस्तर मुरमाला धरून नव्हतं. पाट बंद असताना ही गत, तर पाट सुटल्यावर काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं पिशवीतली छिन्नी काढली.

"दादा, काय बगतुस?" वरून भिमानं विचारलं. नवी मोटार बसवायला तो आला होता. मागून नकोशी चहा घेऊन आली.

आता छिन्नी लावायची म्हणजे का लावतो ते सांगायचं. म्हणजे त्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं बोललो ते सांगायचं. मग चाँदभाई, मग ताडपत्री, मग पोतं. मानसिंगनं छिन्नी पिशवीत टाकली. "काय न्हाय. काम कसं बसलंय ते बगतुय."

"तुज्या हातचं हाय. आमच्या पोरांच्या पोरांना फुटायचं न्हाय," भिमा म्हणाला.

मानसिंगनं चहा घेतला. तो चहा त्याच्या घशाखाली उतरला, याची पुढं त्याला फार लाज वाटत राहिली. भिमा कधी विहिरीवर नसतो ते बघून पुन्हा यायचं, असं ठरवून तो गेला.

त्या साली पाट लवकर सुटला. ऊस वाळायला लागला म्हणून शेतकऱ्यांनी ओरड केली आणि पाण्याचं रोटेशन आधी मिळालं. मानसिंग तेव्हा पळसदेवला होता, जलाशयाच्या काठी एका विहिरीत फळीवर उभा. वाळूचा ट्रक घेऊन आलेला ड्रायव्हर वर मुबीनला सांगत होता, अंथुर्ण्याची चारी काल सकाळपासून तुडुंब वाहतेय. मानसिंगला शब्द नीट ऐकू आले. त्यानं दोरीला हिसका दिला. पंप थांबला नाही, तेव्हा त्यानं चालतं नोझल तसंच विहिरीत सोडलं आणि शिडीनं वर आला.

"पाइप बसंल," मुबीन म्हणाला.

"बसू दे. गाडीची किल्ली दे."

मुबीननं त्याचं तोंड बघितलं आणि किल्ली दिली.

वाटेभर उसाची रानं भिजत होती. पाटाच्या कडेनं बाया धुणी धूत होत्या, म्हशी पाण्यात बसल्या होत्या. सगळा मुलूख खूश होता आणि मानसिंगला त्या पाण्याकडं बघवत नव्हतं. विहिरीवर आबा स्टार्टरच्या पेटीपाशी बसले होते. मोटार घरघरत होती पण पाणी ओढत नव्हती.

"भिमा कुठं हाय, आबा?"

"खाली. पाइपाच्या बुडाला फूटवालात कचरा बसलाय."

मानसिंगनं डोकावलं. भिमा कमरेएवढ्या पाण्यात, कालव्याच्या अंगाला पाठ करून उभा होता. त्याच्यामागच्या भिंतीवर ओलीचा मोठा डाग होता, आणि जी भिंत मानसिंगनं स्वतः ओळंब्यात मारली होती ती मधोमध फुगलेली होती. तिच्यातून एक थेंबही गळत नव्हता. इतकं चांगलं काम झालं होतं.

"भिमा, वर ये."

"आलो, दादा. एवढा वाल बसिवतो."

"वाल ऱ्हाऊ दे. आदी वर ये."

त्याच्या आवाजात काहीतरी असावं, कारण भिमानं हातातलं सोडलं आणि वर पाहिलं. पायरीकडं दोन पावलंही टाकली. तेवढ्यात भिंतीतून कापड फाटल्यासारखा आवाज आला. मग ती एका अखंड तुकड्यानं पुढं झुकली, आणि तिच्यामागं कोंडलेलं पाणी आणि मुरूम तिच्यावरून आला.

भिमाला बाहेर काढायला संध्याकाळ झाली. त्याच्या अंगावरचा तुकडा साखळी लावून ट्रॅक्टरनं ओढला आणि काठावर उलटा टाकला. सगळे भिमाच्या देहाभोवती होते. नकोशी तिथं बराच वेळ बसली, मग उठली आणि त्या तुकड्यापाशी गेली. अस्तराच्या मागच्या अंगाला उसाच्या कांड्या रुतलेल्या होत्या, वाळलेल्या, डोळ्यांसकट. तिनं एका कांडीवरून बोट फिरवलं.

"ह्या माज्या हातच्या हायत," ती म्हणाली. "ह्या खाल्ल्या न्हाईत कुनी."

"म्या झाकल्या," मानसिंग म्हणाला. "अन् मला म्हाईत हुतं."

कुणी त्याला मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. आबा उठून स्टार्टरच्या पेटीकडं गेले आणि त्यांनी मोटार बंद केली. ती एवढा वेळ चालूच होती.

पंचनाम्यात अपघात लिहिला गेला. मानसिंग महिनाभर घराबाहेर पडला नाही, आणि पडला तेव्हा थेट चाँदभाईंच्या यार्डात गेला. चाँदभाईंनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"मशीनला दोष देतोस का?" चाँदभाईंनी विचारलं. "माझाबी वाटा हाय त्यात. त्या दिवशी मला शंका आली हुती, मी इचारलं न्हाई. आता लांब नळ्या घालू, मुबीनला समजावतो, अन् चालू ठेवू."

"मशीनचा दोष न्हाई. ते चांगलं हाय. दुसरा कोनतरी धरू दे त्येची नळी." मानसिंग लिंबाकडं बघत होता. "मला ताडपत्रीखालचं काढून द्या."

"डॉक्टर काय म्हणाला ते इसरलास?"

"न्हाई."

"मग?"

"ते थांबिवता येतं, चाँदभाई. मला थांबाया लागतं."

चाँदभाईंनी त्या दिवशी त्याला नाही म्हणून परत पाठवलं. पुढच्या आठवड्यातही पाठवलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी ताडपत्री ओढली.

पहिल्या दिवसाचं काम करून मानसिंग घरी आला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या. भागूबाई दारात उभी होती. तिनं त्याचे कपडे उकिरड्याकडं नेऊन झटकले, पाणी तापवून दिलं, त्याला वाढलं आणि तो जेवेपर्यंत त्याच्याकडं पाहिलं नाही. गप ऱ्हावा, हे तिचे शब्द होते. ते ती विसरली नव्हती आणि त्यानंही कधी काढले नव्हते. ताट उचलून झाल्यावर ती आतल्या खोलीत गेली. कणगीशेजारचं पोतं जड होतं, पण तिनं सुकन्येला हाक मारली नाही. एकटीनंच ते ओढत बाहेर आणलं, भिंतीशी उभं केलं आणि त्यावर वाकळ टाकली.

मानसिंगनं पाठ टेकली.